पुढच्या चाकाचा कारभार

मोटारसायकलच्या मागच्या चाकाकडे ओढण्याचे काम असते आणि पुढच्याकडे कारभाराचे. वळायचे किती, थांबायचे कुठे, खड्ड्याचा आघात स्वाराच्या मनगटापर्यंत पोचू द्यायचा की वाटेतच जिरवायचा, हे सारे निर्णय फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या जोडीच्या दफ्तरी होतात. आणि म्हणूनच, जुन्या बुलेटला नव्या गाडीचा फोर्क बसवून द्या अशी मागणी घेऊन एखादा तरुण कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातील माझ्या कारखान्यात येतो, तेव्हा आपण गाडीचा सबंध कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवावयास निघालो आहोत याची त्याला बहुधा कल्पना नसते.

मागणी मुळीच गैरवाजवी नाही. तेलाने आघात शमविणारा दुर्बिणीसारखा फोर्क बी.एम.डब्ल्यू.ने 1935 साली प्रथम बाजारात आणला, होंडाच्या सी.बी. 750 ने 1969 साली पुढच्या चाकाची हायड्रॉलिक डिस्क सर्वतोमुखी केली; आपली बुलेट मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे पुढच्या चाकाला ड्रम आणि लायनर घेऊनच धावत राहिली. पुणे-बंगळूर रस्ता दुपदरी होता आणि समोरचा ट्रकही मंदगती होता तोवर त्या लायनरवर निभावले. आज पुढची मोटार डिस्कच्या बळावर जागच्या जागी थांबते आणि तिच्यामागच्या बुलेटस्वाराला केवळ दैवावर हवाला ठेवावा लागतो.

परंतु जुन्या बुलेटचा फोर्क काढणे म्हणजे तिचा चेहरा उतरविणे होय. मूळ बुलेट बनविणाऱ्या इंग्लंडमधील रेडिचच्या कंपनीने 1954 साली हेडलाइट, मीटर आणि दोन बाजूंचे दोन चिमुकले दिवे एकाच ओतीव कवचात बसविले. पुढच्या वर्षी मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि ते कवच तिच्यासोबत इकडे आले. कास्केट नावाचे हे कवच नुसते शोभेचे नाही. फोर्कच्या नळ्यांच्या वरच्या टोकांना आटे पाडलेले असून त्या थेट त्याच्यातच फिरवून बसविलेल्या असतात. म्हणजे इतर गाड्यांत वरची टी, अर्थात दोन्ही नळ्या जखडून धरणारी आडवी पट्टी, जे काम करते तेच काम येथे हे कवच करते. परका फोर्क आला की नवी वरची टी आली, आणि टी आली की कास्केटला रजा द्यावी लागते. हे मी गिऱ्हाइकाला जुन्या कवचावर हात ठेवून सांगतो, आणि निम्मे लोक तेथूनच परत फिरतात. ते शहाणे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जे राहतात त्यांच्यासाठी प्रथम पाना नव्हे, कागद बाहेर काढावा लागतो. चेसीच्या मानेचा कल कारखान्यात जन्मतःच ठरलेला असतो; त्या कलत्या अक्षाची रेषा जमिनीपर्यंत वाढविली असता ती जेथे टेकते, त्याच्या काही अंतर मागे टायर जमिनीला स्पर्श करतो, आणि हे अंतर, ज्याला ट्रेल म्हणतात, तेच गाडीला सरळ चालविते. मानेचा कल 27 अंश धरला, तर टीच्या दांड्यापासून, म्हणजे मानेत फिरणाऱ्या खुंटापासून, फोर्कच्या नळ्या जितक्या पुढे असतात ते अंतर 20 मिलिमीटरने घटले की ट्रेल सुमारे 22 मिलिमीटरने वाढतो. आधुनिक शर्यती वळणाच्या गाड्यांत हे अंतर फारच अल्प असते, कारण त्यांची मान अधिक उभी असते. तोच फोर्क आपल्या कललेल्या मानेत खोवला की हँडल जड होते, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी वळविताना स्वाराचे खांदे भरून येतात. उलट 19 इंची चाकाच्या जागी 17 इंची चाक आले, तर त्रिज्या 25 मिलिमीटरच्या आसपास कमी होऊन ट्रेल 12-13 मिलिमीटरने घटतो, शिवाय गाडीचे नाक खाली बसून मान जवळजवळ एक अंशाने उभी होते. हे आकडे परस्परांना कधी छेदतात, कधी पाठबळ देतात. त्यांचा ताळेबंद कागदावर जुळल्याखेरीज फोर्क विकत घेऊ नये, मग तो जुन्या बाजारात कितीही स्वस्त मिळो.

खरी कारागिरी टीच्या दांड्यात आहे. नव्या फोर्कचा दांडा बुलेटच्या मानेच्या लांबीशी क्वचितच जुळतो. तो खालच्या टीतून प्रेसवर दाबून काढावा लागतो आणि ई.एन. 24 पोलादाचा नवा दांडा लेथवर उतरवून घ्यावा लागतो. आमच्या उद्यमनगरात टर्नरांना तोटा नाही, परंतु या कामासाठी मी अशाच टर्नरकडे जातो जो दांड्याच्या खांद्याशी कोपरा काटकोनात सोडत नाही, बारीक गोलाई देतो. कारण पोलादाला भेग जाते ती नेमकी अशा तीक्ष्ण कोपऱ्यातून, आणि ती बाहेरून दिसत नाही. दांडा टीच्या छिद्राहून काही शतांश मिलिमीटर जाड ठेवावयाचा, ॲल्युमिनियमची टी तापवावयाची, दांडा गारठवावयाचा, आणि एका दमात आत बसवावयाचा. टीला वेल्डिंग करून काम उरकणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. त्यांच्या हातची गाडी मी दारात उभीही करून घेत नाही.

मग मानेतल्या कोनसेटच्या सुट्या छऱ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग, जाड काचेची पट्टी दोन्ही नळ्यांवर आडवी ठेवून त्या एका पातळीत आहेत याची खात्री, दोन्ही पायांत समान तेल, आणि शेवटी पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सोडले असता ते आपल्याच वजनाने दोन्हीकडे सावकाश कलते की नाही, हे पाहणे. हँडल अडखळले तर नट सैल करावा. फोर्क पुढेमागे हलवून ठोका जाणवला तर आवळावा.

कोणता फोर्क, असे विचाराल तर उलट्या नळ्यांचा सोनेरी फोर्क छायाचित्रापुरता बरा. 2021 च्या क्लासिक 350 चा 41 मिलिमीटरचा सरळ फोर्क, त्याचे 19 इंची चाक आणि 300 मिलिमीटरची डिस्क एवढे बुलेटला पुष्कळ झाले. जुन्या 35 मिलिमीटरच्या नळीच्या तुलनेत, भिंतीची जाडी तीच धरली तरी, तिचा ताठरपणा दीडपटीहून अधिक भरतो, आणि डिस्कचा झटका सोसावयास तो लागतोच.

एक बाब राहिली. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तोच अर्थ कायम केला. तेव्हा अशी गाडी रस्त्यावर नेण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करावी, आणि काढलेला फोर्क, कास्केट व ड्रमचे चाक भंगारवाल्याला न देता तेल लावून घरातच ठेवावे. उत्तर नकारार्थी आले, तर ते पुन्हा बसविणे एका दिवसाचे काम आहे.