त्याचे विसरणे कोण ओळखणार?

म्हातारपणी माणूस विसरू लागला की डॉक्टर त्याला वार, तारीख, गावाचे नाव विचारतात. त्यावरून स्मृतिभ्रंशाचा अंदाज येतो. पण ज्याला जन्मापासून वार-तारीख कधी सांगताच आली नाही, त्याचे काय?

आमच्या वस्तीत पंचेचाळिशीतले एक भाऊ आहेत. त्यांना डाऊन सिंड्रोम आहे. बोलणे चार-दोन शब्दांचे. पण नळ आला की बादली लावणार तेच आणि घरातल्या साऱ्यांच्या चपला जोडीने मांडणारही तेच. वर्षभरात चपलांच्या जोड्या चुकू लागल्या. पायरी उतरताना थबकतात. रात्री उठून बसतात. वहिनींनी दवाखान्यात नेले, तर उत्तर मिळाले, "ते पहिल्यापासूनच तसे आहेत ना!" या एका वाक्याखाली आपल्या किती माणसांची दुखणी झाकली जात असतील!

डाऊन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड साचते, त्याच्या मूळ प्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे हा आजार या लोकांना चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. पूर्वी ही मुले तेवढी जगतच नसत. पुण्यात सिंधूताई जोशींनी 'कामायनी' शाळा काढली १९६४ साली. त्या काळची मुले आज साठीच्या घरात आहेत. शाळेची सोय आपण पाहिली, त्यांच्या म्हातारपणाचा विचार मात्र कोणी केला नाही.

मी कारकून माणूस. मागची शिल्लक ठाऊक नसेल तर घट किती झाली, हे कोणताही हिशेबनीस सांगू शकत नाही. येथेही तुलना इतरांशी नव्हे, त्याच माणसाच्या कालच्या दिवसाशी करायची. भाऊंचा हा सारा हिशेब आईच्या डोक्यात होता आणि आई दोन वर्षांपूर्वी गेली.

म्हणून पस्तिशीच्या आतच वही घाला. स्वतः काय जेवतो, बटण लावतो का, कोणाला ओळखतो, हे लिहा. मोबाईलवर त्याचे चालणे-बोलणे टिपून ठेवा आणि दरवर्षी ताडून पाहा. चाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

मात्र प्रत्येक घसरण स्मृतिभ्रंशाची नसते. थायरॉइड, मोतीबिंदू, कानातला मळ, दातदुखी, बद्धकोष्ठ, आई गेल्याचे दुःखसुद्धा! ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुखणे वागण्यातूनच दिसते. आधी या तपासण्या हट्टाने करून घ्या.

वहिनींनी तसा हट्ट धरला. भाऊंचे थायरॉइड कमी निघाले. गोळी सुरू झाली आहे. आता रोज किती जोड्या बरोबर लागतात, ते वहिनी मुलीच्या जुन्या वहीत लिहीत आहेत.