चिंगीसाठी स्थळ

तर झालं असं की मागच्या महिन्यात आमचा बंड्या गेला. झेब्रा फिंच. आदल्या संध्याकाळपर्यंत गडी मस्त गात होता, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला. हे पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात. जेमतेम १२ ग्रॅमचा जीव, तळहातावर वजनसुद्धा जाणवेना. सोसायटीतल्या अनंताखाली पुरला आणि ऑफिसला गेलो. (पक्षी गेला म्हणून रजा कोण देतं?)

खरा प्रश्न संध्याकाळी सुरू झाला. या जातीत गातो फक्त नर. मादी नुसती हाक मारते, आणि जोडीदार नजरेआड झाला की हाक चांगली खणखणीत होते, पलीकडून उत्तर येईपर्यंत. चिंगी दोन दिवस तशी हाका मारत होती. आमचं घर वन बीएचके. ऐकू न येण्याची सोयच नाही.

आई म्हणाली, "सोडून दे रे तिला, मोकळी होऊ दे." ऐकायला छान वाटतं हो. पण हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि चिंगीचा तर जन्मच पिंजऱ्यातला. ठाण्यातल्या कावळ्यांपुढे तासभर तरी टिकली असती का? एकटीला ठेवणंही बरं नाही, ही थव्यात राहणारी, एकमेकांना खेटून झोपणारी जात. बायकोचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "नवा आणशील. उद्या चिंगी गेली की त्याच्यासाठी परत नवी?" म्हणजे लूप आहे, पण बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही!

शनिवारी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथे सगळे कोवळे नर, चिंगी चार वर्षांची. एकाने हळूच मुनियाही दाखवल्या. आपल्याकडच्या मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी विकतात. असो. हात हलवत परत आलो.

मग ऑफिसातल्या एका मित्राने अंबरनाथच्या एका काकांचा नंबर दिला. त्यांच्याकडे पाच वर्षांचा नर होता, त्याचीही जोडीदारीण गेलेली. फोनवर काका म्हणाले, "बिजवर आहे हो, चालेल ना?" पिंजऱ्यात ही मंडळी पाच-सात वर्षं जगतात. बायकोला हिशोब पटला.

आणल्या आणल्या एकत्र ठेवायचं नसतं, आजार असेल तर दोघंही जायची. म्हणून पाहुणा महिनाभर स्वयंपाकघरात, चिंगी हॉलमध्ये. पहिल्याच दुपारी तिने हाक मारली आणि दाराआडून उत्तर आलं. ती एकदम गप्प. मग परत हाक. परत उत्तर. चहा गार झाला माझा.

गाणं मात्र वेगळंच. फिंचचा नर पहिल्या तीन महिन्यांत बापाकडून गाणं शिकतो आणि मग जन्मभर तेच गातो. बंड्या शेवटी एक गिरकी घ्यायचा, हा मध्येच तोडल्यासारखा थांबतो. ती गिरकी आता या घरात कुणालाच येत नाही. दर वेळी माझा कान तिथे अडतो.

गेल्या रविवारपासून दोघं एका पिंजऱ्यात आहेत. राळे एकाच वाटीतून खातात, समुद्रफेसावरून भांडतात. काल रात्री दिवा घालवताना पाहिलं, एकाच दांडीवर बसली होती, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून. नाव अजून ठेवलेलं नाही. आई त्याला जावईबापू म्हणते.