औषध कधी थांबणार?

ऑटोइम्यून आजाराचं निदान सांगितलं की रुग्णाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "डॉक्टर, गोळ्या कधी बंद होतील?" आजार सांध्यांचा असो वा त्वचेचा, नेमकं उत्तर देणं अवघड असतं. म्हणूनच, मी त्वचारोगतज्ज्ञ नसूनही, दिल्लीच्या एम्समधले त्वचारोगाचे माजी प्राध्यापक डॉ. जे. एस. पसरिचा यांचं काम मला फार मोलाचं वाटतं.

त्यांनी हात घातला तो पेम्फिगस या आजाराला. आपल्या त्वचेच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून ठेवतात. पेम्फिगसमध्ये शरीर याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पेशींची पकड सुटते, मध्ये पाणी साठून फोड येतात, ते फुटतात आणि भाजल्यासारख्या उघड्या जखमा राहतात. सुरुवात अनेकदा तोंडातल्या व्रणांनी होते.

स्टेरॉइड येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. १९५०च्या दशकात स्टेरॉइड वापरात आलं आणि जीव वाचू लागले. पण रोज मोठा डोस, तोही वर्षानुवर्षं! त्यातून मधुमेह, ठिसूळ हाडं, जंतुसंसर्ग. डोस कमी केला की फोड परत येत.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस सलाइनमधून १०० मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलीग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड आणि मधल्या काळात त्याचीच रोज ५० मिलीग्रॅमची गोळी. १०० मिलीग्रॅम म्हणजे अर्ध्या मिलीग्रॅमच्या दोनशे गोळ्या! ऐकून छातीत धस्स होतं. पण रोजच्या स्टेरॉइडचे अनेक दुष्परिणाम यात बरेच कमी दिसले.

मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते त्यांनी आखलेले चार टप्पे. पहिला, फोड पूर्ण थांबेपर्यंत पल्स. दुसरा, फोड नसतानाही ठरावीक महिने पल्स. तिसरा, फक्त गोळी. चौथा, औषध बंद आणि नुसती तपासणी. 'बरं वाटतंय' म्हणून मध्येच थांबायचं नाही, आणि कायम चालूही ठेवायचं नाही.

एमडी करताना पल्सच्या रुग्णांची साखर, रक्तदाब, पोटॅशियम आणि ईसीजी बघायला आम्हा मेडिसिनवाल्यांना बोलावणं यायचं. एका रुग्णाची बायको घरच्या कालनिर्णयवर पुढच्या पल्सच्या तारखेला गोल करून ठेवायची. "अजून चार राहिले," ती मला सांगायची. दीर्घ आजाराच्या रुग्णाच्या घरी असा उलटा हिशेब मी क्वचितच ऐकला आहे.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे ज्यांना मूल हवं आहे त्यांच्याबाबत ते टाळावं लागे. आणि ही पद्धत मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून नव्हे, तर वर्षानुवर्षं ठेवलेल्या रुग्णांच्या नोंदींतून उभी राहिली. आज प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींच्या कुळावरच, म्हणजे बी-पेशींवर, काम करणारं रिटुक्सिमॅब उपलब्ध आहे. २०१८ साली अमेरिकेत त्याला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. त्यामुळे पल्सचा वापर घटला, आणि ते योग्यच आहे.

तरीही उपचार सुरू करतानाच पुढचे टप्पे रुग्णाला समजावून सांगायची सवय मला या कामाने लावली. मधुमेह, रक्तदाब अशा कायमच्या औषधांच्या बाबतीतही 'कायम' हे आधीच स्पष्ट सांगितलं, तर रुग्ण परस्पर गोळ्या सोडत नाही.

शेवटी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोंडातले व्रण दोन-तीन आठवड्यांत भरले नाहीत, तर नुसत्या बी-कॉम्प्लेक्सवर थांबू नका, तपासून घ्या. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ते जिवावर बेतू शकतं.