वळशाचा हिशेब

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण बहुतेक वेळा कुणाच्या वेंधळेपणावर हसायला वापरतात, पण हल्ली ती कानावर आली की मला कळशाऐवजी कडेवरचं मूल दिसतं. माझगावात हे दृश्य रोजचंच. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जिन्यावर एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचं मनगट. भायखळ्याच्या मंडईत आई भाव विचारत असते आणि तिच्या ओढणीला मुलगी लोंबकळत असते. काम अर्ध्या तासाचं, लागतो दीड तास. बघणाऱ्याला हा सगळा वळसाच वाटतो. पण त्या म्हणीतली बाई मुळात निघाली कुठे होती? कळसा काखेत घेऊन माणूस पाण्याला जातं. वाट ठरलेलीच होती. ती कळसाच शोधत फिरते आहे, हे ठरवलं कुणी? बहुधा ओट्यावर बसून तिला जाताना बघणाऱ्यानं, ज्याला पाणवठ्याची वाट कधी तुडवावी लागली नाही. आणि समजा ती खरंच शोधत होती, तरी जे ओझं वाहून वाहून अंगाचंच झालं ते ध्यानात न राहणं, यात हसण्यासारखं काय आहे?

मूल कडेवर असलं तर तेही गाव बघत असतं. मासळी बाजारात कोळीण माशाचा कल्ला बोटानं उचलून आतला लाल रंग दाखवते. आई वाकून बघते, तरी नाक मुरडते, दोन पावलं पुढं जाते, मागून हाक येते, भाव उतरतो. उकिडवं बसलेलं चार वर्षांचं पोर हे सगळं टिपत असतं. ताजं कसं ओळखायचं, नाही कसं म्हणायचं आणि तरी उद्या त्याच कोळणीकडे कसं यायचं, हे घरी बसवून शिकवता येईल असं वाटत नाही. बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वाटेमालातल्या सान पेद्रो या माया वस्तीच्या गावात वर्षानुवर्षं हेच पाहिलं: मुलं मोठ्यांच्या कामात वावरतात, निरखतात, हळूहळू हात लावू लागतात. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी जे केलं, त्यातली कुरणशाळा मला फार मोलाची वाटते. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात गेली. मुलाला कामातून उचलून शाळेत बसवण्याऐवजी काम जिथं चाललं आहे तिथं शिक्षण न्यायचं, हा विचार आजही धीट वाटतो.

पण इथंच अडतं. कुरणातल्या मुलांना गुरं राखणं चुकत नव्हतं. ताराबाईंनी त्या सक्तीतून वाट काढली, सक्तीचं कौतुक केलं नाही. मी मात्र तेच करतो आहे का? केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. मुलांची देखभाल त्यात वेगळी मोजली आहे, पण मंडईतल्या आईची दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. रेल्वे पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लावत नाही. आईच्या वेळेच्या हिशेबातही ते असंच बिनतिकिटाचं असतं. शिकतं मूल, पण दीड तास जातो तिचा. बाप सोबत नेईल तर, असं कुणी म्हणेल. न्यावंच त्यानं. पण तेवढ्यानं फूटपाथ मोकळे होत नाहीत, आणि दुचाक्यांच्या गर्दीत मुलाचं मनगट घट्ट धरून चालणाऱ्याला भोवतालचं काही दाखवायला उसंत मिळत नाही.

मग सामान घरपोच मागवणाऱ्या आईला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. तिचा वळसा वाचला. फक्त तो संपला नाही, दुसऱ्याच्या वाट्याला गेला: पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन दहा मिनिटांत जिने चढणाऱ्या पोराच्या. त्यालाही घरी लहान मूल असू शकतं, आणि त्याला ते कामावर नेता येत नाही. मुलांना कामाला सोबत न्यावं असं मला अजूनही वाटतं, पण हे सांगायचं कुणाला, आईला, बापाला, महापालिकेला की त्या पोराच्या मालकाला, हे लिहायला बसलो तेव्हा जितकं स्पष्ट होतं तितकं आता राहिलेलं नाही.