कॉम्बो की वाटा?

मासळी बाजारात मासे वाट्यावर विकतात, माहीत असेलच. वर दोन ठसठशीत बोंबील आणि खाली काय दडलंय ते घरी गेल्यावर कळतं! घिवलीची माझी आत्या म्हणूनच वाटा आधी हाताने पसरते, मग भाव करते. कॉम्प्युटर पार्ट्सवरचे 'कॉम्बो ऑफर'चे बोर्ड बघताना मला हेच आठवतं.

सध्या आतेभावाला डिप्लोमाच्या कॅडसाठी पीसी बांधायचाय. बजेट पंचेचाळीस हजार, त्यातले बरेचसे आत्याने सुकी मासळी विकून साठवलेले. "दादा, हा बघ, दोन हजार सूट!" असा रोज एक फोटो येतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी वाटा पसरा. प्रत्येक वस्तूची सुटी किंमत दोन-तीन ठिकाणी बघा. समजा कॉम्बो ३०,००० चा आणि सुट्या वस्तू ३२,००० च्या. पण त्यात १,५०० चा हेडफोन आहे, जो तुम्ही एरवी घेतलाच नसता. मग खरी सूट ५०० रुपये. बाकी दुकानदाराचा पडून राहिलेला माल, दुसरं काय!

मग खाली काय आहे ते बघा. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असलेला इंटेल स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतलं नाही तर स्क्रीन काळीच. एएम४ बोर्डाचे कॉम्बो स्वस्त असतात, वाईटही नाहीत, पण २०२२ पासूनचे एएम५ प्रोसेसर त्यावर बसत नाहीत आणि डीडीआर४ रॅम पुढच्या बोर्डात चालत नाही. शिवाय रॅम १६ जीबीची एक कांडी आहे की ८-८ च्या दोन? दोन असतील तर ड्युअल चॅनलचा फायदा मिळतो. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून तर रॅमचा आकडा आधी तपासावा.

सगळ्यात फसवा वाटा म्हणजे कॅबिनेटबरोबर 'फुकट' एसएमपीएस. घिवलीत आत्याकडे व्होल्टेज वरखाली होतं. तकलादू एसएमपीएस जाताना बोर्डालाही सोबत नेऊ शकतो. तो चांगल्या कंपनीचा, वॉरंटीवाला, वेगळाच घ्यायचा. इथे काटकसर नाही म्हणजे नाही.

पण एक कॉम्बो मी जवळपास शून्य सुटीतही घेईन: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, एकाच दुकानातून. का? २०१३ पासून डहाणू-चर्चगेट लोकल झाली हे खरं, पण घिवलीहून बोईसर स्टेशन, तिथून लॅमिंग्टन रोड आणि परत, यात अख्खा दिवस जातो. एक पार्ट जुळला नाही तर भाडं आणि बुडालेला दिवस मिळून सूट तिथेच संपली. हे तीन पार्ट जुळवून द्यायची जबाबदारी एकाच दुकानदारावर असणं, हीच आपली खरी सूट.

फक्त बिलावर 'कॉम्बो' अशी एकच ओळ नको. प्रत्येक पार्ट वेगळा, सीरियल नंबरसकट लिहून घ्या, कारण वॉरंटी प्रत्येकाची वेगळी. एक खराब निघाला तर तेवढाच बदलणार की सगळा संच परत मागणार, हेही पैसे देण्याआधी विचारा. आणि दुकानातच जोडणी करून, डिस्प्ले आलेला डोळ्यांनी बघूनच ग्रँट रोड स्टेशनचा रस्ता धरा.