विकत न मिळणारा चहा

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आयांच्या बॅगा हा एक अभ्यासाचा विषय आहे. २३ किलोच्या दोन बॅगांमध्ये अख्खं स्वयंपाकघर बसवलेलं असतं. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, कुरडया, आणि साड्यांच्या घड्यांमधून दडपलेली चहाची पाकिटं. हे सगळं आता तिकडे मिळतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. मुलंही फोनवर बजावतात, "आई, उगीच ओझं आणू नकोस." तरी आपण नेतोच. कारण आपल्या मनात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं, "तिकडचा तसा नसतो."

माझा धाकटा मुलगा १९९९ साली न्यू जर्सीला गेला. तेव्हापासून आमची प्रत्येक खेप चहासकट झाली. तो आवडीने चहा घ्यायचा, "छान झालाय" म्हणायचा, आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच पुस्ती जोडायचा, "पण घरच्यासारखा नाही लागत गं."

घरचा चहा म्हणजे त्याच्या लेखी संध्याकाळचा चहा. आणि तो मी करत नव्हते, आमचे हे करायचे. माझी शाळा दुपारची. साडेपाचला सुटून, वह्यांचा गठ्ठा सांभाळत सिडकोतल्या घरी पोचेपर्यंत सहा वाजायचे. हे पाटबंधारे खात्यात होते, ऑफिस जवळ, त्यामुळे माझ्या आधी घरी. मी चपला काढून हातपाय धुवेपर्यंत चहा तयार असायचा. सकाळचा चहा माझ्याकडे, संध्याकाळचा त्यांच्याकडे, अशी खातेवाटणी तीसेक वर्षं चालली. एकमेकांच्या खात्यात आम्ही कधी लक्ष घातलं नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हे गेले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस कोणीच विसरलेलं नाही. मुलाला येता आलं नाही. जे काही पाहिलं ते त्याने मोबाईलच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर आम्ही रोज बोलायचो, पण काय बोलायचो? माझी औषधं, पेन्शनचे कागद, घरपट्टी. वडिलांचा विषय तो काढत नसे आणि मीही काढत नसे. अशी तीन वर्षं गेली.

मे २०२४ मध्ये मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो काम आटोपून स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बाबा करायचे तसा चहा करशील?"

मी हो म्हटलं खरं, पण तो चहा मी हजारो वेळा प्यायलेला, केलेला एकदाही नाही. कृती ह्यांच्याबरोबरच गेलेली. आता काय करायचं? मी जन्मभर मराठी शिकवलं. जोडशब्द अडला की मुलांना सांगायची, संधी सोडवा, पदं सुटी करा, मग अर्थ दिसेल. तेच चहाच्या बाबतीत करायचं ठरवलं.

पहिलं पद पत्ती. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या दुकानांची रांगच आहे. तिथे फडताळभर चहा दिसला: सोसायटी, वाघ बकरी, गिरनार, टाटा टी, रेड लेबल. म्हणजे पत्तीचा प्रश्नच नव्हता. शिवाय आपण जिला 'आपली पत्ती' म्हणतो ती दाणेदार पत्ती फार जुनी नाही. पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून दाणे करायचं यंत्र १९३० च्या सुमारास आसामच्या मळ्यात विल्यम मॅकरचर नावाच्या साहेबाने काढलं. त्यालाच सीटीसी म्हणतात. हे दाणे लवकर उतरतात, दुधातही रंग आणि कडकपणा टिकवतात, म्हणून आपल्या उकळलेल्या चहाला ते मानवले. घरी आम्ही वर्षानुवर्षं दुकानात असेल ती पत्ती आणायचो, आणि ह्यांचा चहा तसाच लागायचा. पत्ती बाद.

दुसरं पद दूध. आमच्याकडे म्हशीचं दूध, वर बोटभर साय धरणारं. तिकडच्या 'होल मिल्क'मध्ये स्निग्धांश सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, आणि ते असं घुसळून एकजीव केलेलं असतं की तापवलं तरी आपल्यासारखी जाड साय धरत नाही. सूनबाईने उपाय सुचवला. तिकडे 'हाफ अँड हाफ' म्हणून कॉफीत घालायचं दाट दूध मिळतं, निम्मं दूध आणि निम्मी साय. साध्या दुधात ते थोडं मिसळलं. चहाला अंग आलं, पण तो चहा आला नाही.

तिसरं पद पाणी. ह्यांचा पाण्यावर भारी विश्वास. खातंच पाण्याचं! आमच्या शहराला पैठणच्या नाथसागराचं पाणी येतं. (कागदोपत्री २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या पिढीच्या तोंडून औरंगाबाद निसटतंच.) नाथसागर म्हणजे जायकवाडीचं धरण, ते १९७६ साली पुरं झालं. पण धरण उशाला असून नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. त्यामुळे चहाचं पाणी 'ताजं' असावं वगैरे पुस्तकी सल्ला आम्हाला कधी परवडला नाही. अधूनमधून बोअरचं पाणी वापरायची वेळ यायची. ते जड, त्यातल्या कॅल्शियममुळे चहावर तवंग धरायचा. एडिसनच्या नळाच्या पाण्याचा चहा उलट नितळ झाला. मग पाण्यालाही दोष देता येईना.

तीनही पदं सुटी झाली आणि अर्थ काही लागेना. तेव्हा मुलगाच एकदम म्हणाला, "आई, बाबा मला कात्री देऊन मागे पाठवायचे."

गवती चहा! हौदाजवळ, सांडपाणी जायचं तिथे, आमच्याकडे त्याचा भलामोठा ठोंब होता. इतका रोजचा की तो चहातला एक पदार्थ आहे हेच माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. धाकट्याचं काम म्हणजे चार-पाच पाती कापून आणायची. पात्यांच्या कडा धारदार, बोटाला चरे पडायचे, त्यावरून तो कुरकुरायचा. ती कुरकुर त्याच्या लक्षात राहिली म्हणून तिढा सुटला.

नातीला सांगितलं, आपल्याला हिरवा चहा शोधायचाय. (आमच्याकडे गवती चहाला असंही म्हणतात.) तिने ताबडतोब ग्रीन टीचा डबा समोर आणून ठेवला. मग आजीचा वर्ग भरला. ग्रीन टी म्हणजे चहाच्याच झाडाची पानं. गवती चहाचं चहाच्या झाडाशी काहीच नातं नाही. तो गवताच्या कुळातला, म्हणजे ज्वारी आणि उसाचा भाऊबंद. लिंबासारखा वास येतो तो सिट्राल नावाच्या द्रव्याचा, आणि तेच द्रव्य लिंबाच्या सालीतही असतं.

ओक ट्री रोडवर त्या दिवशी ताजी पाती मिळाली नाहीत. सुकवलेल्या पात्यांच्या पिशव्या होत्या, कपात बुडवायच्या. त्यांना वास होता, पण जुन्या वहीत जपून ठेवलेल्या फुलाइतकाच. मग सूनबाई मला एका मोठ्या आशियाई दुकानात घेऊन गेली. तिथे गवती चहा होता, पण कसा? नुसते खालचे पांढरट दांडे, आणि वरची पाती छाटून टाकलेली! थायलंड-व्हिएतनामच्या स्वयंपाकात खालचा कोवळा दांडा ठेचून, चिरून घालतात, त्यांच्या टॉम यम सारात तोच असतो. पाती त्यांना नकोत. आपण पाती घेतो आणि बुंधा मातीत ठेवतो. एकाच गवताचे दोघांनी दोन वाटे करून घेतले आहेत, आणि दुकानात आमचा वाटा नव्हता.

भारतातून ठोंब नेणं शक्य नव्हतं. मुळं, माती असलं काही विमानातून परवानगीशिवाय नेता येत नाही. पण दांड्यांचा बुडखा शाबूत होता. मी चांगले सहा निवडून आणले, वरची सुकी सालपटं काढली आणि पेल्यात दोन बोटं पाणी घालून उन्हाच्या खिडकीत उभे केले. पाणी बदलायचं काम नातीकडे. तीन आठवड्यांत चार दांड्यांना पांढरी मुळं फुटली, दोन कुजले. जूनमध्ये ते चार मोठ्या कुंडीत लावले. न्यू जर्सीचा उन्हाळा त्याला चांगला मानवला. ऑगस्टमध्ये कात्री चालवण्याइतकी पाती झाली.

पहिला चहा केला. पात्यांची गाठ मारून पाण्यात टाकली, आलं ठेचून घातलं, उकळी आल्यावर साखर, पत्ती, शेवटी दूध. मुलाने घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाला, "जवळ आलाय." आणि थोडं थांबून, "ताटली कुठाय?"

"कसली ताटली?"

"बाबा गॅस बंद करून पातेल्यावर जर्मनची ताटली ठेवायचे. वाफेने ती खडखडायची. खडखड थांबली की गाळायचे. मी तेवढा वेळ गृहपाठ सोडून उभा असायचो."

मी घरी पोचेपर्यंत ताटली उचललेली असायची, त्यामुळे हे मला माहीत असणं शक्यच नव्हतं. कारण मात्र सरळ आहे. पात्यांतलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. उघड्यावर खळाखळा उकळलं तर घरभर सुगंध पसरतो आणि कपात थोडाच उरतो. झाकलं की वाफ ताटलीला लागून पुन्हा पातेल्यात उतरते. दुसऱ्या दिवशी तसं केलं. ह्यावेळी त्याने काही शेरा दिला नाही. चहा संपवला आणि बोलायला लागला.

त्या संध्याकाळी तो एप्रिल २०२१ बद्दल पहिल्यांदा बोलला. काय बोलला ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की बाबांचा नंबर त्याच्या फोनमध्ये अजून पहिल्याच ओळीत होता, आणि तीन वर्षं मला हे सांगायचं कसं, असं त्याला वाटत होतं. मीही त्याला ह्यांच्या शेवटच्या आठवड्याचं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. दिवेलागण होऊन गेली तरी आम्ही बसलो होतो.

नंतर मी विचार करत राहिले, की इतकी वर्षं पाकिटं नेऊनही हा चहा का पोचला नाही? उत्तर साधं आहे. जे विकत मिळतं तेच आपण बॅगेत भरतो. गवती चहा आपल्याकडे मंडईत आल्याबरोबर जुडीने मिळतो, नाही असं नाही. पण आमच्या गल्लीत तो कोणी विकत आणत नसे. ज्याच्या दारी आहे त्याच्याकडे जाऊन "जरा दोन पाती द्या हो" म्हणायचं. कुणाला पडसं झालं की काढ्यासाठी आधी आमच्या हौदाकडे माणूस यायचा. लागवडही तशीच. हे गवत सहसा फुलत नाही, बी धरत नाही, ठोंब फोडूनच वाढवावं लागतं. म्हणजे जगातला जवळजवळ प्रत्येक ठोंब कुणाच्या तरी ठोंबातून आलेला आहे, मुळासकट. आमचा हौदाजवळचा ह्यांनी पैठणच्या एका सहकाऱ्याकडून आणला होता. एवढ्या हातांतून आलेली वस्तू किमतीच्या चिठ्ठीसह फडताळावर शोधली तर कशी सापडणार?

आणि कृतीचंही तसंच. कात्री आणि ताटली मुलाकडे होती, चव माझ्याकडे होती. दोघांपैकी एकट्याला तो चहा कधीच करता आला नसता.

असो. कुंडीचं पुढे काय झालं ते सांगते. तिकडच्या थंडीत हे गवत उघड्यावर जगत नाही. ऑक्टोबरमध्ये गोठायच्या आत कुंडी घरात घेतली, पाती वीतभर ठेवून छाटली, पाणी कमी केलं. नोव्हेंबरमध्ये मी परत आले. हिवाळ्यात ते पार वाळल्यासारखं दिसत होतं, सूनबाई फोटो पाठवून विचारायची, "हे गेलं का हो आई?" २०२५ च्या मेमध्ये पुन्हा बाहेर ठेवल्यावर त्याने अंग धरलं आणि जूनमध्ये कुंडी फोडून तीन ठोंब केले.

त्यातला एक शेजारच्या गुजराती कुटुंबात गेला. त्या बाई त्याला 'लीली चा' म्हणतात. त्यांच्याकडेही चहात तो लागतोच, आणि त्याही इतकी वर्षं सुक्यावर भागवत होत्या. त्यांचा ठोंब अजून लहान आहे. तोवर संध्याकाळी कधीतरी त्या कुंपणाशी येतात आणि दोन पाती मागतात. कात्री घेऊन नात जाते. परवा फोनवर तक्रार करत होती, "आजी, बोटाला लागतं गं!"