दाढ आणि झडप

लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं माझ्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. ती काढून तिथं कार्बनची, दोन पाकळ्यांची झडप बसवली. रात्री कुशीवर वळले की तिची टकटक उशीतून ऐकू यायची. नवऱ्याला त्या आवाजाची सवय व्हायला बराच काळ गेला.

ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला, असं घरच्यांना वाटलं. मला मात्र घरी सोडतानाच बजावलं होतं: रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं माप, 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, वाढला तर रक्तस्राव.

दाढ काढायची ठरली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी गोळी आठवडाभर बंद ठेवायला सांगितलं. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करायची तसदी काही त्यांनी घेतली नाही. दाढ निघाली. पुढे जिना चढताना धाप लागायला लागली, मग आडवं पडलं की जीव घुसमटायचा. टकटकही दबकी झाली होती.

हॉस्पिटलात आयएनआर निघाला 1.4. इकोत झडपेपाशी दाब वाढलेला. एक्स-रेच्या पडद्यावर मला दाखवलंच: एक पाकळी उघडझाप करतेय, दुसरी जागची हलत नाही.

पुन्हा छाती उघडायची, नाहीतर औषधानं गुठळी विरघळवायची. डॉक्टरांनी औषध आधी करून पाहायचं ठरवलं. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होईल, औषधानं मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो, हे सांगून आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. आयसीयूत स्ट्रेप्टोकायनेज सुरू झालं. आधी अडीच लाख युनिट, मग तासाला एक लाख. सिस्टर सारख्या येऊन म्हणायच्या, "ताई, दोन्ही हात उचला. नाव सांगा. हसून दाखवा." मध्यरात्री फर्माईशीवर हसायचं! त्यात दाढेच्या जागेतून पुन्हा रक्त झिरपायला लागलेलं. गॉजचा बोळा दाताखाली दाबून मी हसत होते.

पाकळी सुटली. आयएनआर वर येईपर्यंत रक्त गोठू न देणारं हेपारिन चालू ठेवलं.

पुढची दाढ दुसऱ्या डॉक्टरांकडे, गोळी चालू ठेवूनच काढली. आदल्या दिवशी आयएनआर पाहिला. तासभर आधी अँटिबायोटिक घेतलं, कारण कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरणं महाकठीण. टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज दाबून धरायला दिला. थोड्या वेळानं रक्त थांबलं आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.